मेंदूचे विकार आणि एक्झोसोम : आशा व सावधगिरी

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



गेल्या चातुर्मासात आपल्या ज्ञातीतील एक गृहस्थ आमच्याकडे आले. वडिलांना कंपवात, पाण्याचा पेला ओठांपर्यंत जाईतो अर्धा सांडे. ‘एक्झोसोम’ टोचल्यास व्याधी समूळ जाईल, असे एका दवाखान्याने त्यांस सांगितले होते. त्यासाठी गावची जमीन गहाण ठेवावी काय, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांस जे उत्तर दिले, तेच आज आपणांपुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

एक्झोसोम म्हणजे पेशीने बाहेर सोडलेली अतिसूक्ष्म पिशवी. तिचा व्यास सुमारे ३० ते १५० नॅनोमीटर. आणि नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग! १९८३ साली माँट्रियल व सेंट लुई येथील संशोधकांस अपक्व तांबड्या रक्तपेशींत या पिशव्या आढळल्या. पेशी आपला केरकचरा यांतून बाहेर टाकते, एवढाच प्रथम समज होता. परंतु २००७ साली स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे असे दिसून आले की, या पिशव्यांतून आरएनए एका पेशीकडून दुसरीकडे जाते. कचरा म्हणून ज्याची उपेक्षा झाली, ते पेशींचे टपाल निघाले!

मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे अस्तर बहुतेक औषधांस आत शिरू देत नाही. हा अडसर ओलांडण्यास हे टपाल उपयोगी पडेल काय? २०११ साली ऑक्सफर्ड येथे मॅथ्यू वुड व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक्झोसोममध्ये आरएनए भरून ते उंदरांच्या रक्तात सोडले. ते मेंदूत पोचले आणि अल्झायमर रोगाशी संबंधित एका विकराची निर्मिती घटली. २०१३ साली डेट्रॉइट येथे पक्षाघात झालेल्या उंदरांची हालचालही अशा उपचाराने सुधारली.

आशेला आधार आहे तो इतका. परंतु ऑक्सफर्डचे उंदीर निरोगी होते. तेथे कोणतीही व्याधी बरी झाली नव्हती, हे विसरता कामा नये. शिवाय कंपवात व स्मृतिभ्रंश यांत साचणारी दूषित प्रथिनेही याच पिशव्यांतून पसरू शकतात. टपाल शुभवार्ता आणते तशी अशुभही आणते. त्यांची शुद्धता, मात्रा आणि प्रत्येक खेपेचा सारखेपणा राखणे अद्याप कठीण आहे. डिसेंबर २०१९ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक खात्याने जाहीर इशारा दिला तो याचसाठी : मान्यता मिळालेले एकही एक्झोसोम-उत्पादन नव्हते, आणि अशी उत्पादने घेतलेल्या काही रुग्णांस गंभीर अपाय झाले होते.

म्हणून आमची विनंती एवढीच की, कोणी असा उपचार सुचविल्यास प्रथम विचारावे : ही चाचणी सरकारी नोंदवहीत नोंदलेली आहे काय? आपल्या देशात ही नोंद २००९ पासून सक्तीची आहे. आणि प्रयोगावस्थेतील औषधाचे मोल रुग्णाकडून मागितले जात असेल, तर तेथून खुशाल उठावे.

त्या गृहस्थांनी जमीन गहाण टाकली नाही. वडिलांस तज्ज्ञ वैद्यांकडे नेले. लेव्होडोपा हे जुने, परीक्षित औषध आणि नित्य व्यायाम चालू आहे. व्याधी गेलेली नाही. पण पाणी आता फारसे सांडत नाही. नव्या विद्येची वाट अवश्य पाहावी. तोवर हाती असलेल्या उपचाराची हेळसांड मात्र होऊ देऊ नये.