कोरम पुण्यात आहे

(पुण्यात कामाला असलेल्या आपल्या गावच्या माणसांच्या बैठकीत केलेलं भाषण, फेब्रुवारी २००९. बोललं तसंच छापलंय, थोडं नीट करून.)



आठवड्यातून एकच सुट्टी, ती मोडून तुम्ही आलात. काहींना तर गेले तीन-चार महिने रोजच सुट्टी आहे, ते मला माहीत आहे. त्याच्याबद्दलच बोलायचंय.

मला सांगितलं, जागतिकीकरणावर बोल. मी बारावीपर्यंत शिकले, अर्थशास्त्रात पासापुरते मार्क होते. म्हणून घरात घडलं तेच सांगते.

माझा थोरला भाऊ सहा वर्षं वाकडला सेंट्रिंगच्या कामावर होता. दिवाळीला घरी आला, तो परत बोलावणंच आलं नाही. ठेकेदार म्हणाला, बिल्डरचे फ्लॅट उठत नाहीत, काम बंद. वहिनी भावाला विचारायची, तुमचं काय चुकलं का? त्याचं काही चुकलं नव्हतं. अमेरिकेत बँकांनी ज्यांना फेडणं जमणार नाही अशा लोकांना घरासाठी कर्जं दिली, आणि त्या कर्जांचे कागद एकमेकांना विकत बसले. कर्जं थकली. १५ सप्टेंबरला लेहमन ब्रदर्स नावाची मोठी बँक बुडाली. आता पुण्यात फ्लॅट कोण घेत होतं? हिंजवडीत बसून अमेरिकेचं काम करणारी मंडळी. त्यांना नोकरीची धास्ती पडली, बुकिंग थांबलं, बिल्डरनं स्लॅब थांबवला, आणि माझा भाऊ घरी आला. पिंपरीत मोटारी बनवणाऱ्यांनीसुद्धा काही दिवस कारखाना बंद ठेवला, हे तुमच्यापैकी काहींनी बघितलंय.

१९९१ साली देशाकडं परदेशी पैसा उरला नव्हता, सोनं गहाण टाकलं. तेव्हापासून दारं उघडली, १९९५ ला जागतिक व्यापार संघटना आली. हे सगळं वाईटच झालं असं मी म्हणणार नाही. १९९१ च्या आधी आमच्याकडं काय पोटभर होतं का? भावानं पुण्याहून पाठवलेल्या पैशावरच माझी बारावी झाली. पण हजेरीवरच्या माणसाला ना पगारी रजा, ना फंड. काम थांबलं की त्याचं पोट कोण भरतं, हा माझा प्रश्न आहे.

या चार महिन्यांत आमच्या घरात सात माणसं जेवली. भात, नाचणी, वरई. त्यातलं निम्मं मालकीच्या तुकड्यातलं, निम्मं फॉरेस्ट प्लॉटमधलं, जिथं माझा आजा राबला आणि दंड भरत आला. मंदी अमेरिकेची, आणि तिला जेवू घातलं आमच्या डोंगरानं.

हे पहिल्यांदा झालं असंही नाही. मागं शिबिरात आम्हाला थायलंडचं सांगितलं होतं. तिथं बाहेरचा पैसा भरमसाट आला, बँकॉकमध्ये इमारतींवर इमारती उठल्या. २ जुलै १९९७ ला त्यांचा पैसा, बाट म्हणतात त्याला, घसरायला लागला. आधी २५ बाटला डॉलर मिळायचा, सहा महिन्यांत ५० च्या वर गेला. इमारती अर्ध्या राहिल्या, आणि मजूर आपापल्या गावी भातशेतीवर परतले. ज्यांची शेती धरणात नाहीतर कर्जात गेली होती ते कुठं परतले असतील? त्याच वर्षी, हे व्हायच्या आधी, तिथले धरणग्रस्त, जंगलातले लोक, गरीब शेतकरी राजधानीत ९९ दिवस ठाण मांडून बसले होते. त्यांच्या संघटनेचं नावच गरिबांची सभा. ते जमिनीचंच मागत होते.

आपल्याकडंही जमिनीवरच डोळा आहे. खेड तालुक्यात कनेरसर, निमगाव, दावडीकडं सेझ. मुळशीत डोंगरावर लवासाचं शहर. रायगडात मात्र २१ सप्टेंबरला, बँक बुडाली त्याच आठवड्यात, २२ गावांनी सेझवर मतदान केलं. आमच्या डिंभ्याच्या पाण्याकाठी एजंट फिरतात, व्ह्यूची जागा आहे का विचारतात. कलेक्टरच्या परवानगीशिवाय आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला जात नाही, भाड्यानंसुद्धा नाही. कोऱ्या कागदावर अंगठा कुणी देऊ नका.

डिंभ्याच्या जलाशयाला नाव आहे हुतात्मा बाबू गेनूचं. तो आपल्याच आंबेगाव तालुक्यातला, महाळुंगे पडवळचा, मुंबईत गिरणीत कामाला. १२ डिसेंबर १९३० ला परदेशी कापडाच्या लॉरीपुढं आडवा झाला आणि गेला. त्याचं नाव दिलेल्या पाण्याखाली आमची भातखाचरं गेली, पाणी खाली उसाला. वर आमच्या वाडीत चैत्रात हंडा घेऊन झऱ्यावर बसावं लागतं.

आता हिरडा. दोन महिन्यांत बाळहिरडा सुरू होईल. बाप्ये झाडावर चढून झोडपणार, आम्ही बाया खाली वेचणार, उन्हात काळा होईपर्यंत वाळवणार. तो औषधाला जातो, परदेशात जातो म्हणतात. भाव कुठं ठरतो? व्यापारी सांगतो, मार्केटात. कुठल्या, ते सांगत नाही. वन हक्क कायद्यात गौण वनोपजावर आपली मालकी लिहिली आहे. पण त्यासाठी गावाचा सामूहिक दावा लागतो. आमच्याकडं बहुतेकांनी वैयक्तिक दावे भरले, सामूहिक राहिला.

का राहिला? नियम म्हणतो, ग्रामसभेला दोन तृतीयांश माणसं हजर पाहिजेत. गेल्या महिन्यात आम्ही सभा बोलावली, पंचवीस-तीस माणसं कमी पडली. ती माणसं इथं आहेत. वारज्यात, वाकडला, कात्रजला. मजूर अड्ड्यावर सकाळी उभी असतात आणि काम नाही म्हणून दहाला खोलीवर जातात, पण गावी येत नाहीत, लाज वाटते म्हणतात. कसली लाज? माझा भाऊ आला, तेव्हा दोन आठवडे घराबाहेर पडत नव्हता. मग वन हक्क समितीच्या माणसांबरोबर प्लॉटची हद्द दाखवायला गेला, म्हाताऱ्या माणसांचे जबाब लिहून घेतले. ते जबाबसुद्धा पुरावा धरतात. चुन्याची भट्टी कुठं होती, आंब्याचं झाड कुणी लावलं, सगळं त्यात आलं.

हा पट्टा विकता येत नाही, कुणी म्हणतात मग काय फायदा. मला तर तोच फायदा वाटतो. आणि नवरा-बायको दोघांचं नाव लागतं. बायांनो, दाव्याच्या कागदावर आपलं नाव आहे का ते वाचून घ्या, वाचता येत नसेल तर मुलीकडून वाचून घ्या.

पाडव्यानंतरच्या रविवारी सकाळी दहाला ग्रामसभा आहे. आदल्या दिवशी मुक्कामाला आलात तर बरं. ज्यांना काम सुरू झालंय त्यांनी एक खाडा धरावा, खाडा महाग आहे हे कळतं मला. गाडीभाड्याची ज्यांना अडचण आहे त्यांनी जाताना माझ्याकडं नाव लिहून द्या, आपण जीप करतोय.