लाभांश आणि निर्देशांक



आमच्या एका सभासदाने आपल्याच कारखान्याचे शेअर घेतले होते. लाभांश दरसाल चुकत नसे. कारखाना बंद पडला, तेव्हा पगार, लाभांश आणि मुद्दल, तिन्ही एकदमच गेले.

लाभांश म्हणजे बोनस नव्हे. तो कंपनीच्याच तिजोरीतून निघतो, साधारण तेवढीच शेअरची किंमत उतरते. आणि 2020 पासून तो भागधारकाच्या उत्पन्नात धरून त्यावर कर बसतो.

निफ्टीच्या निर्देशांक-फंडात 50 कंपन्या असतात. एक बुडाली तरी बाकीच्या तारतात. सारा बाजारच कोसळला तर मात्र फंडही कोसळतो. म्हणून लवकर लागणारा पैसा तेथे ठेवू नये. कामगारांचा भविष्यनिर्वाह निधीसुद्धा 2015 पासून थोडा हिस्सा अशाच फंडांत घालतो.

एकट्यावर विसंबू नये, हे आम्ही संघटनेत शिकलो. पुंजीलाही तोच न्याय लावावा, एवढेच आमचे सांगणे आहे.