‘अलास’ म्हणजे ‘अरेरे’ नव्हे

श्रोतेहो, मला पाच मिनिटं दिली आहेत आणि त्यातली निम्मी मी भांडण्यात घालवणार आहे. भांडण आहे ‘अरेरे’शी.

शाळेत इंग्रजीच्या तासाला आपण घोकलं, ‘अलास’ म्हणजे अरेरे. मग ‘अलॅक’? अरेरे. ‘वो’? तेही अरेरेच. रडण्याची एवढी वेगवेगळी भांडी, आणि आपण सगळ्यांवर एकच झाकण ठेवून मोकळे!

भांड्यांवरून आठवलं. आमच्या घरी तांब्याचा बंब होता. पहाटे आई त्याच्या नळकांड्यात बंबफोड घालायची, फुंकर मारायची, डोळे चोळायची. आज तोच बंब माझ्या भाचीच्या दिवाणखान्यात आहे. चिंचेनं घासून लख्ख केलेला, वर मनीप्लांट. येणारा-जाणारा म्हणतो, काय सुंदर! तोटी मात्र कोणी उघडून बघत नाही. ‘अलास’चं तेच झालंय. साहेब आता डब्यातलं शेवटचं बिस्किट संपलं की ‘अलास’ म्हणतो आणि हसतो.

पण विस्तव होता हो आत! जुन्या फ्रेंचमधला ‘लास’ हा लॅटिन ‘लासुस’वरून आला. लासुस म्हणजे थकलेला. तेव्हा ‘अलास’ म्हणजे ‘देवा, दमले रे आता’. पायऱ्या चढून आलेली म्हातारी उंबऱ्यावर टेकताना काढते ना, तो आवाज. त्यात कुठे आलं अरेरे? ‘अलॅक’ निराळं. त्यातल्या ‘लॅक’चा अर्थ उणीव, दोष, तोटा. म्हणजे दमणूक नाही, नुकसान. आणि ‘अलॅक द डे’ म्हणजे थेट दिवसाच्या नावानं बोटं मोडणं. आपण म्हणतोच की, ‘कुठला मेला हा दिवस उजाडला!’ पुढे ते झिजून ‘लॅकडे’ झालं आणि ऊठसूट ‘लॅकडे’ करत उसासे टाकणाऱ्यांसाठी ‘लॅकडेझिकल’ हे विशेषण निघालं. लॉरेन्स स्टर्नच्या १७६८ सालच्या प्रवासवर्णनात ते सापडतं. आज त्याचा अर्थ ढिलाढाला, काही करायची हौस नसलेला. बघा, मनीप्लांट इथपर्यंत वाढला!

‘वेलअवे’ची तर कमालच आहे. ऐकताना ‘वेल’ म्हणजे काहीतरी बरं वाटतं. मूळ जुन्या इंग्रजीत ‘वा ला वा’. यातला ‘वा’ म्हणजेच आजचा ‘वो’, शोक. आधी शोक, मग हाक, मग पुन्हा शोक, असा तो टाहो. शतकानुशतकं जिभेवर घासून घासून त्या हंबरड्याचं ‘वेल’ झालं.

आता तुम्ही म्हणाल, बाई, तुम्हाला कसं हो सगळं ठाऊक? मार खाऊन! कॉलेजात ‘वोबिगॉन’ शब्द आला. मी ऐटीत भाषांतर केलं, ‘हे दुःखा, चालता हो!’ सगळा वर्ग हसला. तो ‘बिगॉन’ जा म्हणणारा नव्हे, चहूकडून वेढलेला. दुःखानं वेढलेला माणूस, आणि मी त्याच्या दुःखाला दार दाखवत होते. तेव्हापासून तोटी उघडून बघायची सवय लागली. पुन्हा सांगते, तोटी उघडून बघा.

रडण्याच्या शब्दांतच बराच वेळ गेला, सावध करणाऱ्या शब्दांना आता कमी उरलाय. ‘बिवेअर’ म्हणजे सरळ ‘सावध अस’. सीझरला मार्चच्या १५ तारखेबद्दल बजावणाऱ्या शेक्सपिअरच्या ज्योतिषाच्या तोंडी तो शब्द आहे. इसवी सनापूर्वी ४४ साली त्याच तारखेला सीझर मारला गेला. आज तो शब्द मुख्यतः कुत्र्याच्या पाटीवर पोट भरतो. आपलं ‘सावधान’ तरी काय, कवायतीत, फाटकावर आणि बोहल्यावर! रामदासांनी तेवढं ते मनावर घेतलं म्हणतात.

आणि एडिंबरोचं ‘गार्डीलू’! उंचच उंच दगडी घरं, खाली अरुंद बोळ. रात्री वरच्या मजल्यावरची बाई खिडकी उघडणार, मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये ‘पाणी सांभाळा’ म्हणून ओरडणार, आणि बादली उपडी करणार. पाणी हा फार सभ्य शब्द झाला. बादलीत काय असे ते तुम्ही ओळखलंत. पुढे विसाव्या शतकात शहराचा मैला समुद्रात नेऊन टाकणाऱ्या जहाजाला त्यांनी ‘गार्डीलू’च नाव दिलं. याला म्हणतात बंब पुन्हा पेटवणं! कारण शब्द जिथला होता तिथेच तो परत…

काचेपलीकडून दोन बोटं दिसताहेत. दोन मिनिटं की दोन सेकंद, कळेना. ‘फाय’ राहिलाच. तिरस्काराचा शब्द आहे तो, नाक मुरडून म्हणायचा, आपल्या ‘शी’च्या अगदी… बरं, एक बोट झालं. ‘फाय’ म्हणजेसुद्धा अरेरे नव्हे हं.