मंदीचीं वर्षें आणि महायुद्धाचे दिवस
(ज्युबिली महोत्सवाच्या सभेंत प्रमुख धर्मगुरूंनीं दिलेलें व्याख्यान)



ज्युबिलीच्या मंगल प्रसंगीं देवळाची वास्तु कोणीं उभारिली, घंटा कोणीं अर्पण केली, शाळेस जागा कोणीं दिली, याचें आपण कृतज्ञतेनें स्मरण करितों, आणि तें योग्यच आहे. परंतु देणगीदारांच्या यादींत ज्यांचें नांव कधींच आलें नाहीं, अशा वाडवडिलांचेंही आपणांवर मोठें ऋण आहे. १९२९ पासून १९४५ पर्यंतच्या काळांत त्यांच्यावर लागोपाठ दोन संकटें कोसळलीं. एक जागतिक मंदीचें, दुसरें महायुद्धाचें. मीं ते दिवस पाहिलेले नाहींत. वडीलधाऱ्या मंडळींच्या तोंडून ऐकले व पुस्तकांतून वाचले. तेवढ्याच आधारावर आज चार शब्द बोलणार आहें.

आपल्या वसईच्या पट्ट्यांतील माणसाची मिळकत म्हणजे वाडींतील केळीं, पानें व भाजी आणि खाचरांतील भात. रोकड पैसा यावयाचा तो बहुतेक मुंबईच्या बाजारांतून, किंवा मुंबईस नोकरीला असलेल्या मुलाच्या मनिऑर्डरींतून. १९२९ च्या ऑक्टोबर महिन्यांत न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला, तेव्हां त्याची वार्ताही आपल्या गांवांत कोणास नसेल. परंतु पुढील दोन-तीन वर्षांत हिंदुस्थानांतील शेतमालाच्या किंमती सुमारें निम्म्यावर आल्या. शेतसारा मात्र रुपयांत ठरलेला, आणि सावकाराचें व्याजही रुपयांतच ठरलेलें. ज्या देण्यासाठीं पूर्वीं एक मण भात विकलें तरी भागे, त्यासाठीं आतां दोन मण विकावें लागे. मुंबईच्या गिरण्यांत वेतनांत कपात झाली, व त्यापायीं १९३४ सालीं मोठा संप झाला. तेव्हां पुष्कळ घरांची मनिऑर्डरही आटली. कणगींत दाणे होते, पण कनवटीला दमडी नव्हती, अशी ती विपरीत दशा होती.

अशा वेळीं घराची लाज राखिली ती स्त्रियांच्या अंगावरील सोन्यानें. २१ सप्टेंबर १९३१ रोजीं ब्रिटननें आपल्या पौंडाचें सोन्याशीं असलेलें नातें तोडिलें. रुपया पौंडाशीं बांधलेला असल्यामुळें त्याचेंही सोन्याच्या मानानें मोल उतरलें, व येथें सोनें महाग झालें. तोळ्याचा भाव २१ रुपयांच्या आसपास होता, तो कांहीं महिन्यांतच ३० रुपयांकडे सरकला. मग देशाच्या कानाकोपऱ्यांतून सोनें सराफांकडे वाहूं लागलें, व पुढील कांहीं वर्षांत शेंकडों कोटी रुपयांचें सोनें परदेशीं गेलें. त्याचा मोठा ओघ मुंबई बंदरांतूनच गेला. सरकारी पत्रकांत त्याची नोंद निर्यात म्हणून आहे. त्यांत कोणाच्या गळ्यांतील पोत होती, कोणाच्या कानांतील बुगड्या होत्या. सारा भरावयाचा होता, बैल राखावयाचा होता, म्हणून त्या गेल्या. भाव चांगला मिळाला हें खरें. परंतु गेलेला दागिना त्या घरांत बहुधा पुन्हां आला नाहीं.

या ठिकाणीं एका संस्थेचा उल्लेख करणें माझें कर्तव्य आहे. १९१८ सालीं मोन्सिन्योर पी. जे. मोनिस यांनीं वसईंत कॅथॉलिक सहकारी पतसंस्था स्थापन केली. तीच पुढें बसीन कॅथॉलिक बँक या नांवानें प्रसिद्धीस आली. मंदी येण्याच्या अकरा वर्षें आधीं हें रोप लाविलेलें होतें. ऊन तापूं लागल्यावर झाड लावून सावली मिळत नसते, हें त्या दूरदर्शी पुरुषानें ओळखिलें होतें.

१९३९ च्या सप्टेंबरांत महायुद्ध पेटलें, आणि सारें चित्र उलटें झालें. आतां गिरण्यांना काम मिळालें, माणसाला मजुरी मिळूं लागली, आणि नोटांचा तर सुळसुळाट झाला. १९३९ ते १९४५ या काळांत देशांतील नोटांचें चलन पांच पटींहून अधिक वाढलें. १९४० सालीं एक रुपयाची कागदी नोट आली. १९४३ सालीं तांबें वांचविण्यासाठीं भोकाचा पैसा निघाला. परंतु हा पैसा घेऊन बाजारांत गेलें तर माल मिळेना. १९४२ च्या मार्च महिन्यांत रंगून जपान्यांच्या हातीं पडलें, आणि आपल्याकडे येणारा ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाला. रॉकेल दुर्मिळ झालें. कापड इतकें महागलें, कीं १९४३ च्या जून महिन्यांत सरकारला त्यावर नियंत्रण आणावें लागलें.

२ मे १९४३ रोजीं मुंबई शहरांत धान्याचें रेशनिंग सुरू झालें. त्याच वर्षीं सरकारच्या धान्यधोरण समितीनें दर प्रौढ माणसास रोज एक पौंड, म्हणजे १६ औंस, धान्य मिळावें अशी शिफारस केली. युद्ध १९४५ सालीं संपलें, पण टंचाई संपली नाहीं. १९४६ सालीं हें प्रमाण १२ औंसांवर आलें. तांदळाच्या भाकरीवर वाढलेल्या आपल्या माणसांना कार्डावर मिळेल तो गहूं, मिळेल ती ज्वारी गोड मानून घ्यावी लागली. शिधा आणावयास रांगेंत उभें राहण्याचें काम बहुधा आई व मुलें यांच्याच वांट्याला येई.

त्यांत १४ एप्रिल १९४४ चा भयंकर दिवस उजाडला. व्हिक्टोरिया गोदींत फोर्ट स्टिकीन नांवाच्या जहाजावर कापसाला आग लागली. ती दारूगोळ्यापर्यंत पोहोंचली, आणि दुपारीं चार वाजून गेल्यावर दोन प्रचंड स्फोट झाले. शेंकडों माणसें मेलीं, हजारों बेघर झालीं, गोदींत सांठविलेलें हजारों टन धान्य जळालें. त्या जहाजावर सोन्याच्या लगडीही होत्या. त्यांतील एक लगड दूर जाऊन एका गृहस्थाच्या घराचें छप्पर फोडून आंत पडली, व त्यानें ती परत केली, अशी हकीकत आहे. ज्या शहरांत शेरभर तांदुळासाठीं रांगा लागत, त्या शहरांतील ही गोष्ट आहे!

आतां बंगालकडे पाहा. त्याच १९४३ सालीं तेथें दुष्काळ पडला. सरकारी चौकशी मंडळानें सुमारें १५ लक्ष मृत्यूंचा अंदाज दिला. पुढील अभ्यासकांचे अंदाज ३० लक्षांपर्यंत जातात. श्री. अमर्त्य सेन यांनीं १९८१ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत असें मांडिलें, कीं तेथें धान्य कमी होतें एवढ्यानेंच ही मनुष्यहानि झाली नाहीं. भाव चढले, आणि मजूर व कोळी यांच्यापाशीं तें विकत घेण्याची ऐपत राहिली नाहीं. मुंबईंत हाल झाले, परंतु प्रत्येक कार्डामागें ठराविक वांटा होता, म्हणून गरिबाच्या हातीं थोडें तरी पडलें. आपल्या घरांतील आजची शिधापत्रिका ही त्याच युद्धकाळाची संतति आहे.

या सर्वांतून मला एकच गोष्ट सांगावयाची आहे. मंदींत धान्य होतें, पैसा नव्हता. युद्धांत पैसा होता, धान्य नव्हतें. संकटें परस्परविरुद्ध होतीं, पण दोन्ही वेळां उपाशी राहिला तो एकच माणूस: ज्याला जमीन नाहीं, पत नाहीं, ओळख नाहीं, तो. तेव्हां टंचाईचा खरा प्रश्न माल किती आहे एवढाच नसून तो वांटला कसा जातो, हाही असतो. आपले सर्वच पूर्वज साधुपुरुष होते असें मी म्हणत नाहीं. काळा बाजार करणारे कोणी आभाळांतून पडलेले नव्हते. तेही कोणाचे तरी शेजारीच होते. म्हणूनच ज्यानें त्या दिवसांत माप खरें ठेविलें, उसनें दिलेल्या पायलीचा तगादा लाविला नाहीं, त्याचें मोल अधिक आहे. २०२० सालच्या टाळेबंदींत हातावर पोट असलेल्या माणसांची काय दशा झाली, तें आपण सर्वांनीं डोळ्यांनीं पाहिलें. हा प्रश्न जुना झालेला नाहीं.

प्रभूनें शिकविलेल्या प्रार्थनेंत आपण रोजची भाकर मागतों, ती एकट्यासाठीं मागत नाहीं, सर्वांसाठीं मागतों. त्या प्रार्थनेस साजेल असें एक काम मी आपणांस सुचवितों. रेशनच्या रांगेंत उभीं राहिलेलीं तेव्हांचीं दहा वर्षांचीं मुलें आज नव्वदीच्या पुढें आहेत. ज्यांच्या घरीं असें वडीलधारें माणूस असेल, त्यांनीं त्याच्यापाशीं बसावें व विचारावें: आपल्या घरांतून काय विकलें गेलें, कोणाकडून उसनें आणिलें, कोणीं दिलें, आणि कोणाला आपण दिलें नाहीं. उत्तर मिळेल तें वहींत लिहून ठेवावें. पुढच्या ज्युबिलीच्या पुस्तकांत देणगीदारांच्या यादीशेजारीं त्या आठवणीही छापल्या जाव्या, अशी माझी मनापासून इच्छा आहे.