रस्त्यावरील मृत्यूंचा प्रांतवार हिशेब



केंद्र सरकारचे रस्ते वाहतूक मंत्रालय दरवर्षी अपघातांचा एक जाडजूड अहवाल प्रसिद्ध करते. वृत्तपत्रे त्यातून राज्यांची क्रमवारी उचलतात. अमुक प्रांताचे लोक बेशिस्त, तमुक प्रांताचे समंजस, अशी चर्चा दोन दिवस होते आणि विषय संपतो. २०२२ सालच्या अहवालातील दोनच राज्ये शेजारी ठेवली, तरी ही चर्चा किती उथळ आहे ते ध्यानात येते. केरळात त्या वर्षी ४३,९१० अपघात नोंदले गेले आणि ४,३१७ माणसे मृत्युमुखी पडली. बिहारमध्ये अपघात १०,८०१ आणि मृत्यू ८,८९८. म्हणजे शंभर नोंदलेल्या अपघातांमागे केरळात दहा मृत्यू, बिहारमध्ये ब्याऐंशी. देशाची सरासरी साडेछत्तीस, महाराष्ट्राची साडेपंचेचाळीस.

हे आकडे शब्दशः घ्यावयाचे, तर बिहारमधील ट्रक केरळातील ट्रकपेक्षा आठपट प्राणघातक आहे असे मानावे लागेल. तसे अर्थातच नाही. केरळात पाय मुरगळलेला मनुष्यही पोलिसांत वर्दी देतो, कारण विम्याचा दावा कसा करावयाचा हे त्याला, निदान त्याच्या शेजाऱ्याला, ठाऊक असते. जेथे वकील दूर, फौजदार त्याहून दूर आणि कोर्टाच्या फेऱ्यांत मजुरी बुडण्याची धास्ती, तेथे प्रेताचा पंचनामा करावा लागला तरच नोंदवहीत ओळ पडते. दिल्लीच्या आय. आय. टी.तील दिवंगत प्राध्यापक दिनेश मोहन यांनी फार वर्षांपूर्वी या विसंगतीवर बोट ठेवले होते. त्यांच्या अंदाजाने एका मृत्यूमागे रुग्णालयात न्यावे लागणारे सुमारे पंधरा जखमी आणि किरकोळ जखमी सत्तर असतात. सरकारी अहवालात २०२२ साली १,६८,४९१ मृत आणि ४,४३,३६६ जखमी आहेत. म्हणजे एका मृत्यूमागे तीन जखमीही नाहीत. उरलेले जखमी कोणत्याच तक्त्यात नाहीत. मृतांचाही आकडा पुरा नाही: २०२१ साली सरकारने १,५३,९७२ मृत्यू सांगितले, जागतिक आरोग्य संघटनेचा त्याच वर्षाचा अंदाज दोन लाखांच्या वर होता.

आता भाजक बदलून पाहावा. मृत्यूंना लोकसंख्येने भागले, तर बिहारमध्ये दर लाख माणसांमागे सुमारे सात मृत्यू येतात, केरळ व महाराष्ट्र यांत बारा, तमिळनाडूत तेवीस. शंभर अपघातांच्या हिशेबात तळाला गेलेला बिहार एकाएकी सुरक्षित ठरतो! कारण उघड आहे. ज्या प्रांतात वाहनेच थोडी, तेथे वाहनाखाली मरणारेही थोडे. दारिद्र्याचा हा असला ‘लाभ’ मंत्रिमहोदय सभागृहात अभिमानाने वाचून दाखवू शकतात. वाहनांच्या संख्येने भागले की चित्र पुन्हा फिरते; बिहारच्या सुमारे पावपट वस्तीच्या केरळात दीड कोटीवर वाहने नोंदलेली असल्याने तेथील दर खाली येतो. ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ आर. जे. स्मीड यांनी १९४९ साली वीस देशांच्या आकड्यांवरून हेच दाखवले होते, की वाहने वाढतात तसा दर वाहनामागील मृत्यूंचा आकडा घटतो. या घटीला सरकारे आपले कर्तृत्व समजतात. प्रत्यक्षात मरणाऱ्यांची एकूण संख्या तेवढ्या काळात वाढलेलीही असू शकते.

तक्त्याच्या सीमाही मोठ्या गमतीच्या असतात. २०२२ साली दिल्ली शहरात रस्त्यावर १,४६१ मृत्यू झाले; मुंबईत चारशेच्या आसपास. लोकसंख्येतील फरक जमेस धरूनही ही तफावत मोठी आहे आणि तिचे बरेचसे श्रेय मुंबईच्या लोकलला द्यावे लागेल. परंतु त्याच उपनगरी रेल्वेवर २०२३ साली २,५९० माणसे मेली. रूळ ओलांडताना चिरडलेला आणि डब्याच्या दारातून पडलेला प्रवासी रस्ते मंत्रालयाचा नव्हे, रेल्वेचा. दोन्ही आकडे एका पानावर कधी येत नाहीत.

मग प्रांताप्रांतांत खरा फरक काहीच नाही काय? आहे, आणि तो मोठा आहे. मात्र तो लोकांच्या स्वभावात शोधून सापडणार नाही. २०२२ च्या मृतांपैकी ४४.५ टक्के दुचाकीवर होते, १९.५ टक्के पायी चालणारे. मोटारीत बसलेले साडेबारा टक्के. म्हणजे ज्यांच्या भोवती पत्र्याचेही कवच नाही, अशांचाच वाटा जवळजवळ दोन तृतीयांश. ती माणसे कोणत्या रस्त्याने जातात आणि तो रस्ता कोणासाठी बांधला गेला, यावर प्रांताचा मृत्युदर बराचसा ठरतो.

राष्ट्रीय महामार्ग देशातील रस्त्यांच्या लांबीत अवघे दोन टक्के. मृत्यू ३६ टक्के. गावाच्या मधोमध चौपदरी महामार्ग जातो. शाळा एका बाजूस, वस्ती दुसऱ्या बाजूस. रान पलीकडे, गोठा अलीकडे. भुयारी मार्ग नकाशावर असतो किंवा पाऊण मैल पुढे असतो. डोक्यावर वैरणीचा भारा असलेली बाई तेवढा वळसा घालत नाही. दुभाजक जेथे फोडलेला असतो तेथूनच ती जाते. तिला उडवणारी गाडी ऐंशीच्या वेगाने आली असेल, तर पोलीस कारणाच्या रकान्यात ‘अतिवेग’ लिहितात. २०२२ साली ७१ टक्के मृत्यू या एकाच रकान्यात घातलेले आहेत. तासाभराने येऊन पोहोचलेल्या जमादाराने वेग कशाने मोजला, हे विचारण्याची सोय नाही. आणि तेथे ओलांडण्याची वाट का नव्हती, याला तर रकान्यांत मानाचे स्थान नाहीच. चालकाचा दोष नसतो असे नव्हे. हेल्मेट न घातलेले पन्नास हजारांवर लोक त्याच वर्षी मेले, तेव्हा शिस्तीचा प्रश्न कोणी नाकारू नये. पण मनुष्य चुकणारच, हे गृहीत धरून रस्ता बांधणे ही अभियंत्याची जबाबदारी आहे.

स्वीडनच्या संसदेने १९९७ साली हेच तत्त्व धोरण म्हणून स्वीकारले. त्या वर्षी तेथे रस्त्यांवर ५४१ माणसे मेली होती, २०२२ साली २२७. अरुंद राज्यरस्त्यांच्या मधोमध पोलादी दोरांचे कठडे घातले, तीन पदरांपैकी मधला पदर आलटून पालटून दोन्ही दिशांना दिला, आणि समोरासमोरच्या धडका जवळजवळ थांबल्या. उपाय फारसा खर्चिक नाही. आपल्याकडे त्याची चर्चा सहसा परिसंवादांतच होते.

दुसरा खरा फरक अपघातानंतरच्या तासाचा. एकच जखम रुग्णालय जवळ असलेल्या केरळात बरी होते आणि डोंगराळ वा मागास जिल्ह्यात मृत्यूच्या खात्यात जाते. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून आहे, परंतु तिने ज्या ग्रामीण रुग्णालयात न्यावयाचे तेथे शल्यचिकित्सक व भूलतज्ज्ञ आहे की नाही, हा प्रश्न क्रमांकाने सुटत नाही. अपघातग्रस्तास दीड लाख रुपयांपर्यंत रोकडविरहित उपचार देणारी केंद्राची योजना मे २०२५ मध्ये जाहीर झाली. तिचा लाभ जेथे रुग्णालये आहेत तेथेच अधिक होणार, हे उघड आहे. प्रांतांतील दरी तिने बुजणार नाही.

राहता राहिली मेलेल्या माणसाची किंमत. धडक देऊन पळून गेलेल्या वाहनांखाली २०२२ साली ३०,४८६ माणसे मेली. अशा मृत्यूबद्दल पूर्वी वारसांना २५,००० रुपये मिळत. १ एप्रिल २०२२ पासून ही रक्कम दोन लाख झाली. २०२२-२३ या वर्षात देशभरातून दाव्यांचे अर्ज आले दोनशेच्या आसपास, आणि मंजूर झाले त्याच्याही निम्म्याहून कमी. वाहन कोणते हे महिनाभरात न कळल्यास या योजनेची माहिती पोलीस ठाण्याने वारसांना लेखी कळवावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये दिला आहे. अर्ज प्रांताधिकारी किंवा तहसीलदार यांच्याकडे करावयाचा असतो. आपल्या तालुक्यातील ठाण्याने गेल्या वर्षभरात अशी किती पत्रे पाठवली आणि तहसील कचेरीत किती अर्ज आले, हे दोन आकडे कार्यकर्त्यांना माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपयांत मागता येतात.