घरच्या मोटारीचे ब्रेक



पूर्णा जंक्शनवर ज्यांची हयात गेली, त्यांना आगगाडीच्या ब्रेकची एक खुबी ठाऊक असते. डब्यांमधून जाणारा ब्रेकचा नळ तुटला, तर गाडी मोकाट सुटत नाही; उलट ब्रेक आपसूक आवळले जातात. घरच्या मोटारीचे तसे नाही. तिथे पायाचा दाब तेलावाटे चाकांकडे जातो. तेल गळाले की दाब गेला! म्हणून हल्लीच्या मोटारींत तेलाचे दोन वेगळे मार्ग ठेवतात. एक फुटला तरी दुसरा उरतो; पण तो अर्धाच ब्रेक. वसमतच्या रस्त्याला अंधारात पुढे बिनदिव्याची उसाची ट्रॉली आली, तर अर्ध्या ब्रेकवर कसे भागावे? ताशी ६० किलोमीटर वेगाने मोटार एका सेकंदात १६-१७ मीटर जाते. पाय ब्रेकवर पोचेपर्यंतच तेवढे अंतर सरलेले असते.

ब्रेक बहुधा एकाएकी जात नाही. आधी तो पायाला काहीतरी सांगतो. पेडल दाबल्यावर स्पंजासारखे मऊ लागले आणि दोन-तीनदा दाबल्यावर घट्ट झाले, तर बहुधा नळीत हवा शिरली आहे. शिक्षक मंडळींनी हे वर्गात जरूर दाखवावे. सुया काढलेल्या इंजेक्शनच्या दोन पिचकाऱ्या एका बारीक नळीने जोडा आणि त्यांत पाणी भरा. एक दांडा दाबला की दुसरा तत्काळ सरकतो. पास्कलचा नियम तो हाच. आता मध्ये थोडी हवा राहू द्या. तुमचा जोर हवा आकसण्यातच खर्च होतो आणि दुसरा दांडा उशिरा हलतो.

पाय तसाच दाबून धरला असता पेडल हळूहळू खाली बसत गेले, तर दुखणे निराळे. एक तर तेल बाहेर गळते आहे, नाहीतर मास्टर सिलिंडरचे रबर आतून दाब सोडते आहे. अशी मोटार चालवत गॅरेजला नेऊ नये. मिस्त्रीलाच घरी बोलवावे. तेलाची पातळी उतरलेली दिसली की वरून भर घालून मोकळे होणारे पुष्कळ आहेत. पण पातळी उतरते ती गळतीने किंवा पॅड झिजल्याने. कारण शोधलेच पाहिजे. आणि तिथे इंजिनचे ऑइल चुकूनही घालू नये, त्याने रबरे फुगतात. ब्रेकचे तेल हवेतली ओल शोषते, मग उताराच्या रस्त्यावर तापून उकळते आणि पेडल पोकळ होते. म्हणून साधारण दोन वर्षांनी ते बदलावे.

पेडल दगडासारखे कडक झाले, तर बूस्टर पाहा. इंजिन बंद ठेवून चार-पाच वेळा पेडल दाबा, मग दाबून धरून इंजिन चालू करा. पेडल किंचित खाली गेले तर बूस्टर काम करतो आहे. हलले नाही, तर बूस्टर किंवा त्याची नळी तपासून घ्या.

ब्रेक लावताना मोटार एका अंगाला ओढत असेल, तर आधी टायरमधली हवा बघा. ती बरोबर असेल, तर एका बाजूचा ब्रेक अडकला आहे किंवा दुसऱ्या बाजूचा धरत नाही. थोडी फेरी मारून चाकांजवळ हात नेऊन पाहावा (लावू नये हो, भाजेल!). एकच चाक फार तापले असेल, तर ते अडकते आहे. बारीक किंचाळी बहुधा झिजलेल्या पॅडची. खरखर मात्र लोखंडावर लोखंड घासल्याची, तिथे एक दिवसही लोटू नये.

ओढ्याच्या पाण्यातून मोटार काढली की पुढे थोडा वेळ सावकाश चालवत ब्रेक हलकेच दाबावा, म्हणजे तो सुकतो. आणि हो, चालकाच्या पायाशी पाण्याची बाटली किंवा पोराची चप्पल राहू देऊ नका. पेडलखाली ती अडकली, तर उत्तम ब्रेकही लागायचा नाही.

मिस्त्रीला नुसते "ब्रेक बघा" म्हणू नका. पेडल मऊ की कडक, सकाळी की तापल्यावर, डावीकडे ओढते की उजवीकडे, ते सांगा. त्याचा निम्मा शोध तिथेच होतो. त्यातूनही रस्त्यात ब्रेक गेलाच, तर पेडल भराभर दाबत राहा, एकेक गिअर खाली आणा, आणि हँडब्रेक एकदम न ओढता बेताबेताने ओढा. इंजिन मात्र बंद करू नका.