राउटरमधील वाटाड्या

घराच्या भिंतीवर लुकलुकणारी राउटरची पेटी श्रोत्यांच्या परिचयाची आहे. माहितीचीं पॅकेटें पुढें ढकलणें एवढेंच तिचें काम, असा सार्वत्रिक समज आहे. परंतु इंटरनेटच्या मोठ्या नाक्यांवरील राउटरांत ही हमाली निराळ्या चिपा करतात. सेकंदास कोट्यवधि पॅकेटें निघून जातात, आणि प्रोसेसरला त्यांची वार्ताहि नसते. मग तो करतो तरी काय?

तो वाटांची खबर ठेवतो. आपण जागे आहोंत, असा निरोप शेजारच्या राउटरांस धाडणें व त्यांचा येतो कीं नाहीं हें पाहणें, हें त्याचें नित्यकर्म होय. ‘ओएसपीएफ’ नांवाच्या पद्धतींत हा निरोप बहुधा दर १० सेकंदांनीं जातो. शेजारी ४० सेकंद गप्प राहिला, कीं तो गेला असें धरून नकाशा नव्यानें मांडावा लागतो. त्याचें गणित डच शास्त्रज्ञ एड्सगर डायक्स्ट्रा यांनीं १९५९ सालीं प्रसिद्ध केलें. परक्या संस्थांच्या वाटा ‘बीजीपी’ पद्धतीनें, ज्याच्या त्याच्या घोषणेवरून कळतात. अशा नऊ लाखांहून अधिक वाटांतून निवड करून प्रोसेसर ती चिपांच्या तक्त्यांत उतरवितो. कोणी त्याची विचारपूस केल्यास उत्तरहि देतो, मात्र सवडीनें. तो उशीर म्हणजे वाटेवरचा खोळंबा, असें समजून नवशिके तंत्रज्ञ उगाच धांवपळ करतात!

ही खबरच खोटी निघाली तर? २४ फेब्रुवारी २००८ रोजीं पाकिस्तान टेलिकॉमनें सरकारी हुकुमावरून यूट्यूब देशापुरतें बंद करण्यासाठीं त्याच्या २५६ पत्त्यांची वाट आपल्याकडे वळविली. ती घोषणा देशाबाहेर फुटली. यूट्यूबची स्वतःची घोषणा १०२४ पत्त्यांची होती. आणि अधिक नेमकी वाट श्रेष्ठ, असा नियम असल्यानें जगभरच्या राउटरांनीं पाकिस्तानची घोषणा मुकाट्यानें मानली. सुमारें दोन तास यूट्यूबकडे निघालेलीं पॅकेटें भलतीकडे जाऊन नाहींशीं होत राहिलीं. चिपांनीं चूक केली नव्हती. सांगितलेल्या वाटेनें त्यांनीं तीं बिनचूक नेलीं.

आतां पुष्कळ ठिकाणीं प्रोसेसरवर आणखी एक काम सोंपविलेलें आहे. कोणत्या पत्त्यांवर कोणाचा अधिकार, याचे सहीचे दाखले निराळा संगणक तपासतो व यादी देतो. प्रोसेसर प्रत्येक घोषणा तिच्याशीं ताडून न जुळणारी टाकून देतो. घोषणा कोणाकोणाच्या हातून आली, ती साखळी मात्र या यादीनें तपासली जात नाहीं.